काउंटीचा नवा तुरुंग किती खाटांचा असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचा तुरुंगाशी संबंध आला तर बहुधा मतपत्रिकेवरच येतो. काउंटीला नवा तुरुंग बांधायचाय, त्यासाठी कर्जरोखे काढू द्यायचे का, किंवा विक्रीकर पाव-अर्धा टक्का वाढवू द्यायचा का, असा एक प्रश्न खाली कुठेतरी छापलेला असतो. शेजारी एक आकडा असतो: ४५० खाटा, ८०० खाटा, १,२०० खाटा. तो आला कुठून, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. ग्रीन कार्डवाल्याला मत नसलं तरी विक्रीकर त्यालाही चुकत नाही, म्हणून मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा हा विषय निघतो. तिथे आणि काउंटीच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा ऐकू येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

जेल आणि प्रिझन एकच ना?

नाही. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं असतं आणि तिथे लांब शिक्षा झालेले असतात. जेल काउंटीचं असतं, बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या शेरीफच्या ताब्यात. तिथे अटक झालेला माणूस पहिल्यांदा येतो, खटला संपेपर्यंत थांबतो, आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा असेल तर तीही तिथेच भोगतो. देशभरातल्या जेलांमध्ये कोणत्याही दिवशी जे लोक असतात, त्यांतले दहापैकी सात अजून दोषी ठरलेले नसतात. आपल्याकडच्या भाषेत, कच्चे कैदी.

कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई आणि अलास्का इथे ही व्यवस्था मुख्यतः राज्यच चालवतं. तिथल्या मंडळींना हे पान फारसं लागू नाही.

खाटांचा आकडा काढतात तरी कसा?

सूत्र शाळकरी मुलालाही जमेल असं आहे. वर्षात किती जण आत आले, त्याला प्रत्येकाच्या सरासरी मुक्कामाच्या दिवसांनी गुणायचं आणि ३६५ ने भागायचं. रोज सरासरी किती माणसं आत असतील, ते मिळतं. रांगांच्या गणितात हाच नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. बँकेची रांग असो की रुग्णालयाचा वॉर्ड, हिशोब तोच.

समजा एका मध्यम काउंटीत वर्षाला ६,००० जणांचं बुकिंग, म्हणजे अटकेनंतर तुरुंगात नोंद, होतं आणि सरासरी मुक्काम २२ दिवसांचा आहे. गुणाकार-भागाकार केला की रोजचे सुमारे ३६० कैदी. इथपर्यंत सगळे अहवाल पोहोचतात. पण २२ ही सरासरी फसवी असते, म्हणून ती फोडून पाहायची.

त्या सहा हजारांतले ३,९०० जण एका दिवसात जामिनावर किंवा जातमुचलक्यावर सुटतात असं धरा. दारू पिऊन गाडी चालवली, दंड भरला नव्हता, नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस आले, असली प्रकरणं. वर्षभरात हे सगळे मिळून ३,९०० खाट-दिवस वापरतात, म्हणजे रोजच्या जेमतेम ११ खाटा. आणखी १,५०० जण सरासरी २० दिवस राहतात, त्यांना ८२ खाटा लागतात. उरले ६००. त्यांचा सरासरी मुक्काम १६३ दिवस. त्यांना किती? २६८ खाटा.

म्हणजे दारातून आत येणाऱ्या दहांपैकी एक माणूस तुरुंगाचा तीन चतुर्थांश भाग व्यापून असतो. पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांना अटकच केली नाही, तरी पाच-सहा खाटा वाचतील. तिसऱ्या गटातल्या ६०० जणांचे खटले महिनाभर लवकर निघाले तर जवळजवळ ५० खाटा वाचतील. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण खऱ्या काउंटीची नोंद उघडलीत तरी आकृती साधारण अशीच दिसते.

अटका कमी झाल्या की तुरुंग रिकामा होतो, नाही का?

व्हायला हवा, पण तेवढा होत नाही. देशाचेच आकडे घ्या. २०१९ मध्ये सगळ्या जेलांत मिळून सुमारे १ कोटी ३ लाख वेळा लोक आत आले. २०२३ मध्ये सुमारे ७६ लाख वेळा. पाव हिश्श्याहून जास्त घट. पण कोणत्याही एका दिवशी आत असणाऱ्यांची संख्या ७ लाख ३४ हजारांवरून ६ लाख ६४ हजारांवर आली, म्हणजे घट फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. मधली तफावत मुक्कामाने खाल्ली: तो २६ दिवसांवरून ३२ वर गेला. कोविडमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या अटका घटल्या आणि कोर्टात प्रकरणं साचली. जे राहिले, ते जास्त दिवस राहिले.

म्हणून कोणी सभेत फक्त गुन्ह्यांचा किंवा अटकांचा आलेख दाखवला, तर मुक्कामाचा आलेख कुठाय, असं विचारा.

आमच्या काउंटीची लोकसंख्या दुप्पट होतेय. तुरुंगही दुप्पट लागेल ना?

हा युक्तिवाद सगळ्यांत लवकर पटतो आणि सगळ्यांत कच्चा असतो. दोन शेजारच्या काउंट्यांची लोकसंख्या सारखी असूनही तुरुंगातली संख्या दुपटीने वेगळी असू शकते, कारण एकीकडचे न्यायाधीश तारखा पुढे ढकलू देत नाहीत आणि दुसरीकडे वकीलच वेळेवर नेमला जात नाही. शिवाय वाढ कोणाची होतेय तेही पाहायला हवं. नव्या सबडिव्हिजनमध्ये चाळिशीतली, दोन मुलांची, कर्जाचे हप्ते फेडणारी कुटुंबं आली, तर बुकिंगच्या खिडकीवर त्याचा फार परिणाम दिसत नाही. अठरा ते पस्तीस या वयाचे पुरुष किती वाढले, हा जास्त कामाचा आकडा आहे.

सरासरी ३६० असेल तर ४५० खाटा कशाला? ही उधळपट्टी नाही का?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच होतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

पहिलं कारण चढ-उतार. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी अटका होत राहतात आणि कोर्ट मात्र सोमवारी उघडतं. वॉरंटशिवाय पकडलेल्या माणसाच्या अटकेला पुरेसं कारण आहे का, हे साधारणपणे ४८ तासांत न्यायाधीशाने तपासलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. पण ४८ तास म्हणजे सगळा शनिवार-रविवार. सणासुदीच्या लांब सुट्टीनंतरच्या मंगळवारी सकाळची गिनती पाहिलीत तर सरासरीपेक्षा ती बरीच वर असते. म्हणून रोजची गिनती घेऊन, वर्षातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवसांची सरासरी काढतात. आपल्या उदाहरणात ती ३६० ऐवजी ३९५-४०० निघाली असं धरू.

दुसरं कारण वर्गवारी. तुरुंगात कोणालाही कुठल्याही खाटेवर टाकता येत नाही. बायका वेगळ्या. खुनाचा आरोपी आणि दुकानातून बूट उचललेला पोरगा वेगळे. एकाच गुन्ह्यातले साथीदार वेगळे, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या वेगळ्या, साक्ष द्यायला तयार झालेला त्याहून वेगळा. दारू किंवा अफूजन्य औषधं सुटताना अंग थरथरतंय तो नर्सच्या नजरेसमोर हवा. अल्पवयीन असेल तर मोठ्या कैद्यांना तो दिसता किंवा ऐकू येता कामा नये, असा केंद्राचा नियम आहे. लोकलच्या लेडीज डब्यात जागा आहे म्हणून जनरलमधल्या माणसाला तिथे बसता येत नाही, तसंच हे. त्यामुळे एकूण खाटा पुरेशा असूनही एखाद्या विभागात जमिनीवर गाद्या पडलेल्या दिसतात.

यासाठी दहा-पंधरा टक्के खाटा मोकळ्या राहतील असं धरून चालतात. ३९५ ला ०.८८ ने भागलं की ४५० च्या आसपास येतं.

एक सावधगिरी. गर्दीच्या दिवसाची वाढ एकदा, वर्गवारीची वाढ एकदा, मग लोकसंख्येची, मग 'खबरदारी' म्हणून आणखी वीस टक्के, असं एकावर एक चढवत गेलं की ३६० चे ६०० कधी झाले ते कळतही नाही. प्रत्येक टक्क्याचं कारण वेगळं लिहून मागा.

बायकांचा विभाग नेहमी का भरलेला असतो?

जुने तुरुंग बांधले तेव्हा त्या मोजक्याच असायच्या, म्हणून. आता देशातल्या जेलांमध्ये साधारण सातांत एक स्त्री असते. बारा खाटांच्या विभागात तेरावी आली की पर्याय दोनच: जमिनीवर गादी, किंवा तासभर लांबच्या दुसऱ्या काउंटीत रवानगी, जिथे तिची मुलं भेटायला जाऊ शकत नाहीत. लहान गटांचा अंदाज टक्केवारीने काढू नये. टक्के काढले की तिथे नेहमी दोन-चार खाटा कमीच पडतात.

मागच्या वीस वर्षांचा आलेख पुढे ओढला तर चालेल?

न्यू यॉर्क शहराकडे बघा. तिथल्या तुरुंगांत १९९१ च्या सुमारास जवळपास २२,००० माणसं होती. २०१९ मध्ये ती ७,००० च्या आसपास आली होती. त्याच वर्षी शहराने रायकर्स बेटावरचे तुरुंग बंद करून चार नवे तुरुंग बांधायचं ठरवलं आणि पुढे रोजचे ३,३०० च कैदी असतील असं गृहीत धरून प्रत्येकी ८८६ खाटांचा आराखडा मंजूर केला. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे संख्या चार हजारांच्या खाली गेली, तेव्हा अंदाज बरोबर ठरणार असं वाटलं असेल. मग ती पुन्हा चढली, आणि २०२५ पर्यंत ७,००० च्या घरात पोहोचली. मधल्या काळात नव्या इमारतींच्या खाटा वाढवून एकूण ४,००० च्या वर नेल्या गेल्या, तरी हिशोब जुळत नाही.

१९९१ मध्ये कोणी रेषा ओढली असती तर त्याने राक्षसी तुरुंग बांधला असता. २०२० मध्ये ओढली असती तर खेळण्यातला. संख्या कायद्याने, सरकारी वकिलाच्या धोरणाने, साथीने आणि कोर्टाच्या वेगाने हलते. त्यामुळे मला एक आकडा देणारा अहवाल आवडत नाही. 'काहीच बदललं नाही तर इतके, खटले तीस दिवस लवकर संपले तर इतके, राज्याने शिक्षा वाढवल्या तर इतके' असे तीन-चार आकडे देणारा अहवाल बरा.

ही संख्या कमी करणं कोणाच्या हातात असतं? शेरीफच्या?

फारच थोडं. शेरीफ दार उघडतो आणि लावतो. आत कोण येणार ते गावोगावचे पोलीस ठरवतात. किती दिवस राहणार ते न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, कोर्टाचा कारकून आणि राज्याचा तुरुंग विभाग ठरवतात. तुरुंगाचं बिल मात्र काउंटीचे कमिशनर भरतात. म्हणून शहाण्या काउंट्या या सगळ्यांची एक समन्वय समिती बनवतात आणि दर आठवड्याला यादी घेऊन बसतात.

ती यादी वाचण्यासारखी असते. एक जण शंभर-दोनशे डॉलरच्या जामिनासाठी तीन आठवडे अडकलाय. एकाला शिक्षा झालीय, पण राज्याची गाडी न्यायला आलेली नाही, कारण कागदावर एक सही राहिलीय. एकाचा प्रोबेशनचा भंग झालाय आणि सुनावणी दीड महिन्यानंतरची मिळालीय. एका प्रकरणात प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही म्हणून तारखांवर तारखा पडताहेत. यांतल्या कोणाचाही गुन्हा माफ करायची गरज नाही. सही, गाडी, तारीख आणि अहवाल एवढंच हलवायचंय. कारकुनी वाटते, पण अशा वीस-पंचवीस नावांचा एक अख्खा विभाग होतो, आणि तो बांधायला लाखो डॉलर लागतात.

जामिनाची रक्कमच बंद केली तर?

न्यू जर्सीने जवळजवळ तेच केलं, त्यामुळे एडिसन-प्लेन्सबरोकडच्या मंडळींना हे ठाऊक असेल. २०१७ च्या जानेवारीपासून तिथे पैशांऐवजी धोका पाहून सोडायचं की ठेवायचं ते ठरतं. २०१५ च्या अखेरीपासून २०१८ च्या अखेरीपर्यंत तिथले खटला न संपलेले कैदी जवळपास ४४ टक्क्यांनी घटले. घट कायदा लागू व्हायच्या आधीच सुरू झाली होती हेही खरं. न्यायाधीशांचा हात आधीच सैल झाला होता. युनियन काउंटीने तर २०२१ मध्ये आपले कैदी शेजारच्या एसेक्सकडे सोपवले.

इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्ण बंद केला. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत २०१९ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर किरकोळ गुन्ह्यांतले बहुतेक लोक पैसे न भरता सुटू लागले. तरीही नंतरच्या वर्षांत तोच तुरुंग इतका भरला की कैदी थेट लुइझियानात पाठवावे लागले. कारण? गंभीर गुन्ह्यांचे खटले तुंबले होते. किरकोळवाले मुळातच थोडे दिवस राहणारे. त्यांना सोडणं न्यायाचं आहे, पण खाटा त्याने फारशा सुटत नाहीत. वरच्या उदाहरणातला पहिला गट आठवा.

मानसिक आजार असलेल्यांसाठी वेगळा विभाग मोठा करावा का?

तुरुंगात विभाग हवाच, कारण असे लोक येतातच. पण विभाग मोठा केला की प्रश्न सुटला, असं समजू नका. खटला समजण्याइतकी मनःस्थिती नाही असं ठरलेला माणूस राज्याच्या रुग्णालयात खाट मिळेपर्यंत काउंटीच्या कोठडीत ताटकळतो, बऱ्याच राज्यांत महिनोन्‌महिने. त्याला एकट्याची कोठडी, जास्त राखण आणि औषधं लागतात. आणि आत गेल्यावर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, बहुतेक थांबत असल्याने औषधांचं बिल काउंटीवर. त्यामुळे तुरुंगाबाहेर चोवीस तास उघडं असलेलं संकट-केंद्र, जिथे पोलीस गाडीतून माणूस उतरवून दहा मिनिटांत परत जाऊ शकेल, यावर खर्च करणं जास्त शहाणपणाचं. ते दहा मिनिटांचं महत्त्वाचं आहे. कागदपत्रांत दोन तास जाणार असतील तर कोणताही पोलीस जेलचाच रस्ता धरेल.

बांधायचे पैसे मंजूर झाले की झालं ना?

पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीला विचारा. मतदारांनी १९९६ मध्ये कर्जरोखे मंजूर केले. २००४ मध्ये ५ कोटी ८० लाख डॉलरचा, ५२५ खाटांचा वापाटो तुरुंग तयार झाला. त्यात एकही कैदी कधी राहिला नाही. बांधायला पैसे होते, चालवायला नव्हते. त्याच सुमारास ऑरेगॉनच्या मतदारांनी मालमत्ता कराला लगाम घातला होता. चित्रीकरणासाठी मात्र तो भाड्याने गेला. २०१८ मध्ये काउंटीने तो ५० लाखांना विकून टाकला आणि २०२० मध्ये तिथे बेघरांसाठी निवारा सुरू झाला.

चालवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा पगारांचा. एका जागी एक माणूस, दिवसरात्र, वर्षभर: ८,७६० तास. एक कर्मचारी कागदावर २,०८० तासांचा असतो. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा करून हाती १,७०० च्या आसपास उरतात. म्हणजे एका खुर्चीमागे पाच माणसं. नकाशावर वास्तुविशारदाने एक जादा वळण काढलं आणि त्यामुळे एक जादा पहारा लागला, की पाच पगार, तेही इमारत उभी आहे तोवर.

म्हणून खाटा किती यापेक्षा त्या कशा मांडल्यात हे जास्त महाग पडतं. टेक्सासच्या नियमात ४८ कैद्यांमागे एक कर्मचारी लागतो. तिथे ४८ चा विभाग काढला तर एक माणूस पुरतो. ५६ चा काढला तर आठ खाटांसाठी दुसरा. जुन्या तऱ्हेच्या लांब बोळात दोन्ही बाजूंना कोठड्या असत आणि पहारेकरी अधूनमधून फेरी मारे, दोन फेऱ्यांमध्ये काय झालं ते कोणाला दिसत नसे. कॅलिफोर्नियात मार्टिनेझ इथे काँट्रा कोस्टा काउंटीने १९८१ मध्ये कर्मचाऱ्याला काचेमागून काढून थेट विभागात, कैद्यांमध्ये बसवलं. केंद्राच्या तुरुंगांनी हे आधी केलं होतं, काउंटीच्या पातळीवर ती सुरुवात. एका नजरेत सगळा विभाग दिसतो आणि भांडण सुरू व्हायच्या आधी कळतं.

भरती होत नसेल तर बांधलेले विभागही कुलूपबंद राहतात. तेव्हा सभेत विचारा: आज किती जागा रिकाम्या आहेत?

एका कोठडीत दोन खाटा टाकल्या तर निम्म्यात काम होईल?

कायद्याने सरसकट बंदी नाही. १९७९ च्या बेल विरुद्ध वूल्फिश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एक माणूस-एक कोठडी असा नियम घटनेत नाही. पण खाटा दुप्पट झाल्या तरी स्वयंपाकघर, भेटीच्या खोल्या, नर्स आणि सांडपाण्याची वाहिनी दुप्पट होत नाही. दुसरी खाट ही पुढची राखीव जागा म्हणून ठेवावी, पहिल्याच दिवशी मोजू नये. सल्लागार ४५० म्हणत असेल तर ते दुसऱ्या खाटा धरून की सोडून, हे विचारायला विसरू नका.

थोडं मोठंच बांधून जादा खाटा भाड्याने दिल्या तर? कर्ज त्यातूनच फिटेल.

असं म्हणणारा एक तरी कमिशनर प्रत्येक काउंटीत असतो. माँटाना राज्यातल्या हार्डिन गावाने २००७ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरचा ४६४ खाटांचा तुरुंग बांधला, तो केवळ बाहेरचे कैदी घेऊन गावात रोजगार आणायला. कैदीच आले नाहीत. कर्जरोख्यांचे हप्ते थकले. २००९ मध्ये गावाने ग्वांतानामोचे कैदीसुद्धा घ्यायची तयारी दाखवली, तेही आले नाहीत.

केंद्र सरकारची मार्शल सेवा (केंद्राचे कच्चे कैदी सांभाळणारी) किंवा इमिग्रेशन खातं रोजच्या दराने खाटा घेतं, आणि काही काउंट्यांचं अंदाजपत्रक त्यावर चालतंही. पण तो करार वॉशिंग्टनमधल्या एका धोरणबदलाने संपतो. कर्ज मात्र तीस वर्षांचं असतं. इमिग्रेशनच्या खाटांबद्दल आपल्या लोकांना आणखीही काही वाटू शकतं. ते वेगळं मत आहे, पण सभेत मांडायला हरकत नाही.

मग लहान बांधून नंतर वाढवता येईल का?

येईल, आधी ठरवलं असेल तर. स्वयंपाकघर, धुलाई, वीज, सांडपाणी आणि बुकिंगचा भाग पुढच्या आकड्यासाठी बांधायचा, राहण्याचे विभाग आजच्या आकड्यासाठी. आणि ज्या भिंतीला पुढचा विभाग जोडायचा तिच्यामागची जमीन मोकळी ठेवायची. त्या जागेवर नंतर शेरीफच्या गाड्यांचं पार्किंग होऊ देऊ नका. बहुतेक ठिकाणी तेच होतं.

बांधलं की भरतंच, असं म्हणतात. खरं आहे?

रुग्णालयांबद्दल असं मिल्टन रोमर यांनी १९६० च्या सुमारास म्हटलं आणि तुरुंगवाल्यांनी ते उचललं. नियम म्हणून मी ते मानत नाही. वापाटो तर कधीच भरला नाही. पण जागेची टंचाई असते तेव्हा ती साप्ताहिक यादीची बैठक होते, न्यायाधीश फोन उचलतो, कागद हलतात. जागा झाली की ती बैठक महिन्यावर जाते, मग बंद पडते. भरण्याची सुरुवात तिथून होते.

आपल्याकडे आर्थर रोड, येरवडा यांचं काय? तिथे अशी आकडेमोड होते का?

मंजूर क्षमता हा आकडा तिथेही असतो. आर्थर रोडची हजाराच्या आतबाहेर आणि आत तीन हजारांवर माणसं. येरवड्याची अडीच हजारांच्या आत आणि आत सहा हजारांवर. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत भारतातले तुरुंग १३१ टक्के भरलेले होते आणि चारांपैकी तीन बंदी खटला न संपलेले. फरक असा की बराकीत माणूस वाढला की बाकीचे सरकून घेतात. इथे खाट संपली की नियामक, वकील किंवा कोर्ट दारात येतं. दुखणं मात्र एकच, मुक्काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. तेही मुक्कामावरच बोट ठेवतं.

सल्लागाराचा दोनशे पानी अहवाल हातात आला तर आधी काय वाचू?

शेवटची परिशिष्टं. पुढच्या पानांवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आणि इमारतीची रंगीत चित्रं असतात. मागे मुक्कामाचं कोष्टक आहे का पाहा: किती जण एका दिवसात सुटले, किती तीस दिवसांत, किती सहा महिन्यांनंतर, आणि प्रत्येक गटाने किती खाट-दिवस वापरले. नसेल, तर अहवाल अर्धा आहे. अहवाल लिहिणाऱ्या कंपनीलाच पुढे इमारतीचं काम मिळणार आहे का, तेही पाहा. तसं असेल तर आकडा खाली येण्याची तिला काही घाई नसते. मग काउंटीला सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली साधा अर्ज करा: गेल्या तीन वर्षांची रोजची गिनती, विभागवार, आणि प्रत्येक सुटकेची तारीख व कारण, नावं वगळून. बहुतेक तुरुंगांच्या संगणकात ही माहिती तयारच असते. ती एक्सेलमध्ये उघडून मुक्कामाच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने लावली की पहिल्या दोनशे ओळींतच तुमच्या काउंटीचा तुरुंग का भरलाय ते दिसेल.